आत्याचं वैराग्य

आमच्या आत्याला वैराग्य आलं, असं वाड्यात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी, नातवाच्या पानात तूप पडलं की नाही हे माजघरातून ओरडून विचारणारी ही बाई वर्षभरात गप्प झाली. राग नाही, हट्ट नाही, जेवणात रस नाही. ‘सुटली गं माया,’ एवढंच म्हणायची. चातुर्मासात मी देवळात प्रवचन करते. समोरच्या बायका स्थितप्रज्ञ म्हणून तिच्याकडे बोट दाखवायच्या. पण मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. ऐन वैशाखात तिच्या अंगावरची शाल आणि घोगरा झालेला आवाज मला स्वस्थ बसू देईना. रक्त तपासलं, तर टीएसएच भलतंच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावलेली. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत आत्या पुन्हा भाजीवालीशी भांडू लागली.

मग ते वैराग्य कुणाचं होतं?

रोजच्या काही मायक्रोग्रॅमनी माया परत येत असेल, तर ‘मी’ म्हणजे रसायनांचा हिशेब, असं माझे विज्ञानवाले मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. सांख्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार हे तिन्ही प्रकृतीतच घातले. पुरुष नुसता साक्षी. थायरॉक्सिन पाहून ते दचकले नसते. दचकतो तो आपला अभिमान. शांत माणसाला वाटतं, ही शांती मी कमावली.

कमावलेलं किती आणि वयानं दिलेलं किती? बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत झपाट्यानं खाली येतात, बाळंतीण कारण नसताना रडते. पूर्वी तिची दृष्ट काढत, अंगारा लावत. चौदा वर्षांचा मुलगा दार आपटतो, तर संस्कार काढले जातात. पाळी जाण्याच्या वयात बाईला रात्री घाम फुटतो, झोप उडते, आणि घरचे म्हणतात, हिचा स्वभावच बिघडला. वानप्रस्थ सांगणाऱ्यांना ग्रंथी माहीत नसतील, वय मात्र नेमकं माहीत होतं.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार याला मात्र वय मान्य नव्हतं. १८८९ साली, ७२व्या वर्षी, त्यानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसच्या विद्वानांसमोर जाहीर केलं की ताकद परत आली. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्या पाणचट अर्कात ते नावापुरतंच असणार. ताकद आली ती विश्वासाची. आपल्या ययातीनं तर पुरूचं तारुण्यच मागून घेतलं. पण त्याची गोष्ट मला मोठी वाटते, कारण भोगून तृष्णा शमत नाही हे त्याला अंगात तारुण्य असतानाच कळलं, आणि त्यानं ते मुलाला परत केलं. इच्छा जिवंत असताना सोडणं, यालाच मी वैराग्य म्हणेन. आटलेल्या इच्छेचं श्रेय घेऊ नये.

हाच न्याय उलटाही लावावा लागेल. गोळीनं शमणारी चिडचिड पाप कसली? आणि एखाद्या बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नसेल, पहिल्या काही आठवड्यांत औषध मिळालं नाही, तर त्याची बुद्धी कायमची मंदावते. त्याला पूर्वजन्मीचं फळ म्हणणाऱ्याचं तत्त्वज्ञान माझ्या कामाचं नाही.

म्हणून प्रवचनाच्या शेवटी हल्ली मी दोन गोष्टी सांगते. घरात बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्त घेऊन होणारी थायरॉइडची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. आणि घरातलं म्हातारं माणूस एकाएकी विरक्त झालं, तर पाया पडण्याआधी त्याचं रक्त तपासा.