सारथ्याचें शिक्षण

महाभारताच्या सौप्तिक पर्वांत द्रोणाचार्यांच्या एका कृत्याचा उल्लेख आहे. तो प्रत्येक पित्यानें मनन करण्यासारखा आहे. अश्वत्थाम्यानें ब्रह्मशिर अस्त्र मागितलें. मुलाचें चापल्य द्रोणांस ठाऊक होतें व मनांतून ते प्रसन्नही नव्हते. तरी मुलानें हट्ट धरला म्हणून त्यांनीं तें दिलें, आणि मनुष्यांवर तें कधीं सोडूं नये अशी ताकीद दिली. पुढें काय झालें तें वाचकांस विदितच आहे. अस्त्र सोडण्याची विद्या पुत्रास आली होती, आवरण्याची आली नव्हती. आज घरोघरीं अठरा वर्षांचा मुलगा मोटारीची किल्ली मागतो, आणि बाप ताकीद देण्याचें काम वाहनशिक्षणाच्या वर्गाकडे सोंपवितो. या वर्गाचें मोल किती, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसला तरी मुळांत नीतीचा आहे.

शिकलेला मनुष्य न शिकलेल्यापेक्षां अधिक सुरक्षित, हें इतकें उघड वाटतें कीं त्यास पुरावा मागणेंही पोरकटपणाचें वाटावें. अमेरिकेंत मात्र तो मागितला गेला. जॉर्जिया राज्याच्या डीकॅल्ब परगण्यांत १९७८ च्या सुमारास सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे, जणूं चिठ्ठ्या टाकून, तीन गट पाडण्यांत आले. पहिल्यास सुमारें ७० तासांचें, त्या काळीं उत्तमांत उत्तम समजलें जाणारें शिक्षण. दुसऱ्यास परवान्यापुरतें जुजबी. तिसऱ्यास शाळेकडून कांहींच नाहीं. पहिल्या गटाचीं मुलें परीक्षेंत सरस उतरलीं. परंतु अपघातांच्या नोंदींत हें सरसपण पहिल्या कांहीं महिन्यांपलीकडे टिकलें नाहीं. १९८६ मध्यें त्याच आंकड्यांची फिरून छाननी झाली तेव्हां तर असें दिसलें कीं, या मुलांनीं परवाने लौकर काढले, तीं लौकर रस्त्यावर आलीं, आणि सबंध गटाचा हिशेब धरतां त्यांचे अपघात अधिकच भरले.

कनेक्टिकट राज्यानें १९७६ सालीं शाळांतील अशा वर्गांचें अनुदान बंद केलें. ज्या गांवांत वर्ग बंद पडले, तेथें बऱ्याच मुलांनीं अठरावें वर्ष लागेपर्यंत परवानाच घेतला नाहीं, आणि त्या वयाच्या मुलांचे अपघात घटले. नॉर्वेची गोष्ट याहून विचित्र. तेथें १९७९ पासून नवशिक्यांस निसरड्या रस्त्यावर घसरणारी गाडी सांवरण्याचें शिक्षण देऊं लागले. परिणाम असा कीं तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात वाढले! घसरलेली गाडी आपल्याला सांवरतां येते असा भरंवसा वाटूं लागल्यावर वेग कशाला आंवरावयाचा?

ज्ञान हाच सद्गुण, असें सॉक्रेटिस मानीत असे; अरिस्टॉटल मात्र सद्गुण सवयीनें अंगीं बाणतो असें म्हणे. मोटारीच्या बाबतींत आम्हांस अरिस्टॉटलचा पक्ष खरा वाटतो. वळणावर पुढची गाडी ओलांडूं नये, हें कोणत्या तरुणाला ठाऊक नसतें? शेजारीं चार मित्र बसले असतां तें आठवत नाहीं, एवढेंच. यावरून वर्ग निरुपयोगी ठरतात असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. गतिरोधक कोठें, खुणांचा अर्थ काय, हें कोणीतरी शिकविलेंच पाहिजे. दोष आहे तो वर्गाच्या दाखल्याला आपण जो अर्थ देतों त्यांत. दाखला हातीं आला कीं बाप शेजारच्या आसनावरून उठतो, आणि ज्या वेळीं त्यानें तेथें बसावें नेमकी तीच वेळ ती असते.

स्वीडननें १९९३ मध्यें निराळी वाट धरली. परवान्याचें वय अठराच ठेवलें. परंतु मोठ्या माणसास शेजारीं बसवून सराव करण्याचें वय साडेसतरावरून सोळावर आणलें. ज्यांनीं ही सवलत पुरती वापरली त्यांचा सराव सरासरी सुमारें ११८ तास झाला, आणि परवान्यानंतर त्यांचे अपघात लक्षणीय कमी झाले. अशीं घरें मुळांतच अधिक जागरूक असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यानें सारा फरक उडून जात नाहीं. न्यूझीलंडनें तर १९८७ पासूनच नवशिक्यांस रात्रीं एकट्यानें गाडी चालविण्यास आणि सोबती नेण्यास कांहीं काळ मनाई केली.

ज्यानें अद्याप कांहीं अपराध केला नाहीं त्यास वयाकरितां कां बांधावें, असें तरुण विचारतील, व तो प्रश्न खोटा नाहीं. परंतु रस्त्यानें पायीं चालणाऱ्या म्हातारीची संमति कोणी घेतली आहे? नवशिक्या जें शिकतो तें तिच्या जिवावर शिकतो.

आपल्याकडे मोटारीच्या परवान्याचें वय अठरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें, अल्पवयी मुलानें वाहनाचा गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. अठरावा वाढदिवस झाला कीं कायदा पालकास मोकळा करतो. मुलगा मात्र त्या दिवशीं आदल्या दिवसाइतकाच नवशिका असतो. स्वीडनच्या त्या ११८ तासांची दोन वर्षांवर वांटणी केली, तर आठवड्यास एका तासाहून थोडें अधिक पडतें. वर्गाची फी सहज भरणाऱ्या किती घरांत हा एक तास निघेल, याची आम्हांस शंका आहे.