होल्यांचा जोडा आणि घरचा नाताळ

शास्त्रपाठ : लूक २:२२-२४, लेवीय १२:६-८, निर्गम १२:१-२८



आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घरांत दोन हिशोब मांडले जातात. एक हिशोब मुले करतात : नाताळाला आता किती दिवस उरले? दुसरा हिशोब मुले झोपल्यावर आईबाप करतात. मुलांचे कपडे, फराळ, केक, रोषणाई, येणाऱ्याजाणाऱ्यांचे आदरातिथ्य, आणि मिळकत मात्र आहे तेवढीच. पुष्कळ घरांत हा मेळ बसत नाही. मग उसनवारी होते, हप्त्यांवर खरेदी होते, आणि पुढील कित्येक महिने सरून गेलेल्या सणाची परतफेड करण्यात जातात. काही घरांत याहूनही दुःखदायक प्रकार घडतो. तेथे कर्ज काढले जात नाही, पण सणच लाजेखाली दडपून जातो. शेजाऱ्यांसारखे आपल्याकडे काही नाही म्हणून मुले कोणाला घरी बोलावीत नाहीत, पतिपत्नी एकमेकांशी तुटक बोलतात, आणि ज्या रात्री मेंढपाळांना मोठ्या आनंदाची वार्ता मिळाली त्याच रात्री त्या घरात मौन पसरते. अशा घरांना पवित्र शास्त्र काय सांगते? आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे, पण मुलांसोबत बसण्यास वेळ नाही, त्यांनाही काय सांगते?

मरीया व योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमेस मंदिरात गेली, त्या प्रसंगी त्यांच्या अर्पणाविषयी लूक जे लिहितो त्यात कोकराचा उल्लेखच नाही. आहेत ती फक्त दोन पाखरे. या लहानशा तपशिलाचा अर्थ लेवीयाच्या बाराव्या अध्यायावरून कळतो. पुत्र झालेल्या स्त्रीने चाळीस दिवसांनंतर होमार्पणासाठी एक वर्षाचे कोकरू आणि पापार्पणासाठी एक पक्षी आणावा, असा नियम होता. जिला कोकरू आणणे शक्य नसे, तिने होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले आणावीत. म्हणजे जगाच्या तारणाऱ्याचे पहिले मंदिरदर्शन गरिबांसाठी ठेवलेल्या सवलतीनुसार झाले. यात लपविण्यासारखे काही आहे असे लूकला वाटले नाही. दोन पाखरे आणणारीचे शुद्धीकरण कोकरू आणणारीच्या शुद्धीकरणाइतकेच पूर्ण होते, हेही नियमशास्त्राने स्पष्ट केलेले आहे.

लेवीयाच्या त्या वचनात भाषांतरकाराला थांबवणारा एक शब्द आहे. आपल्या भाषेत आपण ‘ऐपत नसेल तर’ असे म्हणतो, आणि तो अर्थ बरोबर आहे. मूळ इब्री वाक्प्रचार मात्र हाताचा आहे : त्या स्त्रीच्या हाताला कोकरापुरते सापडले नाही तर. मराठी माणसाला हे बोलणे परके वाटू नये. ‘हाताशी पैसा नाही’, ‘हातातोंडाची गाठ पडत नाही’ असे आपणही म्हणतो. हाच ‘हाताला सापडणे’ हा प्रयोग उपदेशक ९:१० मध्ये पुन्हा भेटतो. तेथे हाताला सापडते ते काम, आणि सापडेल ते काम सर्व बळाने करावे असा तेथील बोध आहे. दोन्ही वचनांचे संदर्भ निराळे आहेत. ती ओढूनताणून एक करू नयेत. तथापि ती शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट मनात उजळते : ज्या हाताला कोकरू सापडत नाही, त्या हाताला करण्यासारखे काही सापडतेच.

आता निर्गमाचा बारावा अध्याय पाहा. इस्राएलाचा पहिला मोठा सण कोठे झाला? त्या वेळी मंदिर नव्हते, निवासमंडपही नव्हता. सण झाला घरोघर. कोकरू घराण्यामागे एक, आणि कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्यासह मिळून एक, अशी व्यवस्था देवाने स्वतः घालून दिली. एजोबाच्या जुडीने चौकटीला रक्त लावावे, बेखमीर भाकर भाजावी, कडू भाजी आणावी, कंबर कसून घाईने जेवावे, असे प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम होते. हे सर्व सांगून झाल्यावर सव्विसाव्या वचनात मुलांचा प्रश्न येतो : तुमच्या या उपासनेचा अर्थ काय, असे ती विचारतील, तेव्हा आईबापांनी उत्तर द्यावे.

हा प्रश्न मुलांच्या मनात यावा म्हणूनच जणू देवाने सणात हातांनी करावयाच्या गोष्टी ठेवल्या. दुकानातून आणलेल्या वस्तूविषयी मूल ‘केवढ्याला आणली?’ असे विचारते. आपल्या डोळ्यांदेखत घडत असलेल्या गोष्टीविषयी ते ‘हे कशासाठी?’ असे विचारते. आपल्या घरात दुसरा प्रश्न विचारला जातो की पहिला, यावर पुढच्या पिढीचा विश्वास पुष्कळ अंशी अवलंबून आहे. म्हणून घरात कमी खर्चात सण साजरा करणे हा केवळ काटकसरीचा विषय नव्हे; तो सुवार्तेचा विषय आहे.

मग घरात करावे तरी काय? काही सूचना नम्रपणे मांडतो.

गव्हाणी घरीच करावी. खोक्याचा पुठ्ठा, थोडी माती, गवत किंवा कडबा एवढे पुरते. डिसेंबरच्या मध्यास मूठभर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून पसरट ताटलीत मातीवर पेरली, तर नाताळापर्यंत हिरवेगार कुरण उगवते. त्याला पाणी घालण्याचे काम सर्वांत धाकट्याकडे द्यावे. गव्हाणी रिकामी ठेवावी, आणि कोणाचे न सांगता चांगले केले की त्या व्यक्तीने गुपचूप एक काडी तीत घालावी. बाळाचे अंथरूण असे सर्वांनी मिळून तयार करावे. ही गव्हाणी ठेवावी कोठे, असे मुलांनी विचारले तर घराच्या मध्यभागी ठेवावी. ज्या शब्दाचे भाषांतर आपण ‘उतारशाळा’ असे करतो, तो लूकने वापरलेला ‘कातालुमा’ हा ग्रीक शब्द, लूक २२:११ मध्ये प्रभूने शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन केले त्या खोलीसाठीही आला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील खाणावळवजा धर्मशाळेसाठी मात्र लूक निराळाच शब्द योजतो. त्यामुळे पाहुण्यांची खोली भरलेली असल्याने बाळाला घरातच, जनावरे बांधण्याच्या भागातील गव्हाणीत ठेवले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. प्रभू दाटीवाटीच्या घरात आला, हे एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला सांगावे असे आहे.

मेणबत्त्यांचे चक्र करावे. हँबुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न या सेवकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी आश्रय उघडला. नाताळ कधी येणार, असे ती मुले रोज विचारीत, असे सांगतात. १८३९ साली त्याने गाडीच्या जुन्या चाकावर आठवड्यातील दिवसांसाठी लहान व रविवारांसाठी मोठ्या मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक अधिक लावण्याचा क्रम ठेवला. आज जगभर मंडळ्यांमध्ये दिसणाऱ्या आगमनकाळाच्या चक्राचा उगम असा गरीब मुलांच्या प्रश्नात आणि टाकाऊ चाकात आहे. आपल्या घरी थाळी आणि चार पणत्याही चालतील.

लूकचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे. त्याचे अध्याय चोवीस आहेत. १ डिसेंबरला आरंभ करून रोज एक वाचला, तर २४ तारखेच्या संध्याकाळी ते पूर्ण होते. ख्रिस्तजन्माचा दुसरा अध्याय नाताळच्या सकाळी पुन्हा वाचावा. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे वाढणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना मराठी कळते, पण वाचता येत नाही. तेथे आजीने वाचावे आणि नातवंडाने आपल्याला काय कळले ते आपल्याला येईल त्या भाषेत सांगावे. भाषेचा व विश्वासाचा वारसा एकाच बैठकीत पुढे जातो.

गावे, आणि स्वतः रचून गावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी निवडली. आपल्या आयाबहिणींनी जात्यावर जोपासलेले हे घरगुती वृत्त. प्रत्येकाने बाळ येशूसाठी एक ओवी रचावी. ती ओबडधोबड असली तरी हरकत नाही.

फराळ मिळून करावा आणि वाटावा. करंज्या भरण्यास व शंकरपाळे कापण्यास बापाचे व मुलग्यांचेही हात लागावेत. सणाचा सारा भार एकट्या आईवर पडत असेल तर तिच्यासाठी तो सण उरत नाही. पहिली ताटली शेजाऱ्याकडे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि ज्याच्या घरी यंदा काही शिजले नाही त्याच्याकडे जावी. ज्यांनी काही तयार केले नाही त्यांना वाटे पाठविण्याची आज्ञा नहेम्या ८:१० मध्ये आहे.

घराण्याची वही लिहावी. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळे आणणारा मनुष्य आपल्या भटक्या पूर्वजाची गोष्ट सांगूनच उपासना करतो. आपणही रोज संध्याकाळी वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा : आपल्या घरात विश्वास कसा आला? तुमच्या लहानपणी नाताळ कसा होई? कोणत्या संकटातून देवाने तारले? शाळेच्या अर्ध्या कोऱ्या वहीत ते उतरून ठेवावे. सांगणारे उद्या नसतील, वही राहील.

येथे दोन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे. दारिद्र्याचे कौतुक करावे, असा याचा अर्थ नाही. शेजाऱ्याच्या हाताला कोकरू का सापडत नाही, हा प्रश्न संदेष्ट्यांनी निर्भीडपणे विचारला आहे, आणि कामकऱ्याची मजुरी थकविणाऱ्याने साध्या नाताळाचा उपदेश करू नये. दुसरे असे की, सवलत होती ती कोकरू न सापडणाऱ्या स्त्रीसाठी; जिला ते सापडत होते तिने पाखरांवर भागवावे, असे नियमशास्त्राने म्हटलेले नाही. ज्याच्याजवळ आहे त्याने घरचा सण साधा करावा, पण वाचलेला पैसा पेटीत कुलूपबंद न करता गरजवंताच्या घरी पोहोचवावा.

लूकचे वाचन २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपेल तेव्हा आपण अम्माऊसच्या घरी पोहोचलेले असू. दोन थकलेले, निराश वाटसरू एका अनोळखी सोबत्याला राहण्याचा आग्रह करतात. मेजावर पक्वान्नांचा उल्लेख नाही. तो भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. गव्हाणीत ठेवलेला तो हाच. त्याला ओळखण्यासाठी एक घर, एक भाकर आणि ‘आमच्याबरोबर राहा’ हा आग्रह एवढे पुरले.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, तुझ्या पुत्रासाठी दोन पाखरांचे अर्पण तू स्वीकारलेस. आमच्या हातांना जे सापडेल तेही स्वीकार. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्यांना सोडव, लाजेने दारे मिटून बसलेल्यांना धीर दे, आणि ज्या घरांत आज एकच माणूस आहे तेथे आम्हांला पाठव. आमच्या मुलांनी विचारावे आणि आम्हांला सांगता यावे, अशी कृपा कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.