खरवडण्याआधी

२०२२ च्या जुलैपासून वणीच्या सप्तशृंगगडावरचे मंदिर सुमारे दीड महिना दर्शनासाठी बंद होते. देवीच्या अंगावर पिढ्यानपिढ्या चढत गेलेला शेंदूर उतरवायचा होता. हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला आणि कड्यातच कोरलेली अठरा हातांची मूर्ती तिच्या आयुधांसकट त्या नवरात्रात लोकांनी डोळे भरून पाहिली. काम जाणत्यांच्या देखरेखीखाली झाले आणि चांगले झाले, असे माझे मत आहे. तरी एक प्रश्न उरतोच. ज्यांच्या आजी-पणजीने तीच शेंदरी, गोलसर देवी मनात साठवून डोळे मिटले, त्यांच्या देवीचे ‘मूळ रूप’ कोणते? काळाने चढवलेला थर कधी काढावा, कधी ठेवावा आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात आता पुन्हा पुन्हा येणार आहे. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे आणि त्यासाठी जुन्या मंदिरांना हात लागणार आहे.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने आपल्या गावोगावच्या मध्ययुगीन चर्चच्या बाबतीत सोडवायला घेतला आणि बरीच नासधूस करून ठेवली. आपल्याला इंग्रजी गॉथिक माहीत आहे ते मुंबईचे. कुलाब्याचे अफगाण चर्च तेराव्या शतकातल्या इंग्रजी चर्चचा आदर्श समोर ठेवून बांधले गेले आणि १८५८ मध्ये उपासनेला खुले झाले. पण असे एका आराखड्यात, एका दमात उभे राहिलेले चर्च खुद्द इंग्लंडच्या खेड्यात शोधूनही क्वचितच सापडते. तिथले गावचर्च म्हणजे बाराव्या शतकातली अर्धगोल कमान, तिच्या शेजारी तेराव्या शतकातली निमुळती खिडकी, पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापारातून पैसा आला तेव्हा चढवलेला मनोरा आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी भिंतीवरच्या चित्रांवर फासलेला चुना.

या वास्तूची मांडणी आपल्याला परकी वाटू नये. पूर्वेला वेदीचा भाग, चॅन्सेल. पश्चिमेला लोकांनी जमायचे लांबट दालन, नेव्ह. मध्ये एक कमान आणि बहुधा लाकडी जाळीचा पडदा. आपला गाभारा आणि सभामंडप आठवावा अशीच ही योजना. फरक दुरुस्तीच्या हिशेबात होता. चॅन्सेलचे छप्पर सांभाळायचे रेक्टरने, म्हणजे गावच्या पिकाचा दशमांश ज्याच्या घरात जाई त्याने. नेव्ह सांभाळायचा गावाने. त्यासाठी गाव चर्चवॉर्डन निवडी. शिसे किती आणले, चुना कितीचा, घंटेचा दोर कितीला पडला, याच्या त्यांनी लिहिलेल्या वह्या अनेक ठिकाणी आजही वाचायला मिळतात. पैसा कमी पडला तर चर्चच्या नावाने बिअर गाळायची, गावजेवण घालायचे आणि आलेल्या रकमेतून छप्पर नीट करायचे, हा मार्ग सर्वमान्य होता. (आपल्या देवस्थान समित्यांना हे सुचवण्याचा माझा इरादा नाही.)

ही वाटणी दगडात दिसते. कित्येक गावांत नेव्ह उंच, मोठमोठ्या खिडक्यांनी उजळलेला, आणि चॅन्सेल मात्र जुना, बुटका, कसाबसा तग धरलेला. गावाकडे हौस होती, रेक्टरकडे नव्हती. सफोकमधल्या लाँग मेलफर्डच्या चर्चवर तर कापडाच्या व्यापाऱ्यांनी बाहेरच्या भिंतीवर आपली नावे कोरून आमच्यासाठी प्रार्थना करा असे लिहून ठेवले आहे. दुरुस्तीच्या वाटणीचा हा रिवाज किती चिवट असावा? वॉरविकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात दशमांशाच्या जुन्या हक्काशी जोडलेली शेतजमीन एका दांपत्याकडे आली, आणि जमिनीबरोबर चॅन्सेलच्या दुरुस्तीचा बोजाही आला. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला.

अशा थरांच्या, वादांच्या, वह्यांच्या वास्तूला एकोणिसाव्या शतकात अभ्यासक भेटले. टॉमस रिकमन याने १८१७ मध्ये इंग्रजी मध्ययुगीन वास्तुकलेचे चार कालखंड पाडले: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर. ही वर्गवारी उपयुक्त होती आणि आजही वापरली जाते. पण पुढच्या पिढीतल्या उत्साही मंडळींनी तिची गुणपत्रिका केली. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरची काही दशके हे ‘शुद्ध’. आधीचे कच्चे, नंतरचे बिघडलेले. मग बिघडलेले काढायला सुरुवात झाली. पंधराव्या शतकातली खिडकी उखडून तिथे तेराव्या शतकासारखी नवी कोरी खिडकी बसवायची. भिंतीवरचा गिलावा खरवडून दगड उघडा करायचा आणि गिलाव्याबरोबर त्यावरची चित्रेही घालवायची. याला ते जीर्णोद्धार म्हणत.

सफोकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १८९२ मध्ये तिथल्या चर्चच्या दुरुस्तीत चॅन्सेलच्या कमानीतल्या चुना फासलेल्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी चुना ओघळून गेला होता आणि फळ्यांवर अंतिम न्यायनिवाड्याचे भलेमोठे चित्र उमटले होते: पुण्यपापाचा तराजू, त्याच्यापाशी सैतान, आणि स्वर्गाच्या दारी उभे नागडे राजे व बिशप, अंगावर फक्त मुकुट आणि टोपी. चित्र झाकणारांना ते नष्ट करायचे होते. त्यांच्याच चुन्याने ते साडेतीनशे वर्षे राखले. वणीच्या शेंदरानेही बहुधा हेच काम केले.

या खरवडण्याविरुद्ध कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस उभा राहिला तो ट्यूक्सबरीच्या चर्चच्या निमित्ताने. हे मूळचे मठाचे चर्च. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा गावकऱ्यांनी ते ४५३ पौंडांना विकत घेऊन आपले गावचर्च केले, कारण त्याचा नेव्ह ते आधीपासून वापरतच होते. १८७७ मध्ये तिथे वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार चालू असल्याचे वाचून मॉरिसने मार्चमध्ये एका साप्ताहिकात पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था उभी केली. संस्थेचे म्हणणे सोपे होते: गळती थांबवा, भिंत सावरा, पण गेलेला काळ पुन्हा घडवायला जाऊ नका. स्कॉट आपल्यालाही अनोळखी नाही. मुंबई विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्याचे. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. म्हणजे मुंबईत ज्याने कुणाचे काही न पाडता उत्तम गॉथिक उभे केले, त्याच्याच हातून मायदेशातल्या खऱ्या गॉथिकचे नुकसान होत होते. हा मनुष्य वाईट नव्हता. त्याला इतिहासापेक्षा शैली अधिक कळत होती.

आता आपल्याकडे, सिन्नरला येऊ. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरचे गोंदेश्वर मंदिर अकराव्या-बाराव्या शतकातले, सेऊणदेशाच्या यादवांच्या काळातले. शिवपंचायतन: मध्ये उंच जोत्यावर शंकराचे मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. शिखर भूमिज पद्धतीचे, लहान शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत जाणारे. नॉर्मन गवंडी कमानीचे दगड चुन्यात बसवत होते त्याच सुमारास इथले पाथरवट काळा बेसॉल्ट घडवून, सांध्याला सांधा भिडवून, तुळई आणि खांबांवर भार तोलत होते. या मंदिराला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते, पण हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. हे मंदिर त्याच्या जन्माआधीचे. चुकीच्या लेबलाने एवढे बिघडत नाही. बिघडते ते लेबलाची कसोटी झाली की. आपल्याकडे आता ‘हेमाडपंती मूळ रूपात आणणे’ हा शब्दप्रयोग रिकमनच्या वर्गवारीसारखा वापरला जाऊ लागला आहे.

या कसोटीने नाशिककडे पाहा. पंचवटीजवळचे सुंदरनारायण मंदिर १७५६ चे, त्याच्या कमानी आणि घुमट मुघल वळणाचे. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी जुन्या मंदिराच्या जागी नव्याने बांधवलेले. शुद्धच हवे असेल तर यातले काय ठेवायचे? पेशवाईतल्या गवंड्याने कमान आणि शिखर एकाच वास्तूत बिनदिक्कत जोडले, हीच तर नाशिकच्या देवळांची ओळख आहे.

दुसऱ्या बाजूला गावोगावचे ऑइल पेंट, गाभाऱ्यातल्या बाथरूमच्या टाइल्स आणि सभामंडपाला टेकवलेला आरसीसी स्लॅब. मी थरांच्या बाजूने बोलतो आहे, मग हेही थरच नाहीत का? आहेत. पण चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, आणि उद्या काढायचा म्हटला तर निघतो. सिमेंट ओल आत कोंडते, क्षार दगडात सोडते आणि निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन निघते. माझा निकष एवढाच आहे: पुढच्या पिढीला जो थर काढता येईल तो चालेल. भक्ती जुनी की नवी, रुचीची की बेरुचीची, हे ठरवायचा अधिकार मला नाही.

गावाला नुसते दोष देऊनही भागत नाही. गोंदेश्वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि त्या संरक्षणामुळेच ते टिकले. पण संरक्षित मंदिरात गावाचे काम काय उरते? पूजा करायची आणि फलक वाचायचा. ज्या दगडाची जबाबदारी आपल्यावर नाही त्याची गळती कोण पाहील? आणि जिथे संरक्षण नाही तिथे सगळे काम वर्गणीवर आणि ठेकेदाराच्या मर्जीवर.

इथे एक आडवा प्रश्न टाळता येत नाही. गाव म्हणजे कोण? इंग्रजी खेड्यात एकेकाळी चर्चला जाणे सक्तीचे, दशमांशही सक्तीचा आणि आतल्या जागांना मानाची उतरंड. तरी नेव्हच्या दारातून सगळे आत येत. आपल्याकडे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो दलितांना मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाला बसावे लागले. हा लढा पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. तेव्हा ‘गावाच्या हाती देऊ’ असे म्हणताना त्या गावाच्या समितीत कोण बसणार, हे आधी ठरवावे लागेल. ते न ठरवता दिलेला अधिकार जुन्याच हातांत जाईल.

इंग्लंडने उशिरा का होईना, दोन गोष्टी बऱ्या केल्या. चर्चमध्ये महत्त्वाचा बदल करायचा तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती देताना आक्षेप ऐकून घेतले जातात. १९५५ पासून प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होते. अहवाल गावाकडे राहतो. यासाठी फार पैसा लागत नाही, सवय लागते.

नाशिकमध्ये ही सवय लावायला सिंहस्थाइतकी योग्य आणि धोक्याची वेळ दुसरी नाही. मागे गोदापात्रातली जुनी कुंडे सिंहस्थाच्याच घाईत काँक्रीटखाली गेली आणि ते काँक्रीट निघावे म्हणून नाशिककरांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. म्हणून मागणी साधी आहे. २०२७ च्या पर्वासाठी ज्या ज्या जुन्या मंदिराला, घाटाला, कुंडाला हात लागणार आहे, त्याचे मोजमाप आणि छायाचित्रे काम सुरू होण्याआधी जाहीर करावीत, सिमेंटऐवजी चुन्याचे काम जाणणारे गवंडी लावावेत, आणि काय काढले, काय ठेवले याची वही मंदिरातच, येणाऱ्या कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी.