तगादा न लावणारा धनको

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, एका रविवारी दुपारी, बाहेर झड लागलेली आणि घरातील मंडळी निजलेली अशा निवांत वेळी, मी एक कोरी वही पुढे ओढली आणि आपण कोणाचे किती देणे लागतो याची यादी करावयास बसलो. हे काम मी कित्येक वर्षे टाळीत आलो होतो. कोणता हप्ता कोणत्या तारखेस जातो हे मला तोंडपाठ होते. परंतु सगळ्यांची बेरीज एका कागदावर मांडण्याचे धैर्य कधी झाले नव्हते, कारण जोवर बेरीज होत नाही तोवर कर्ज हे लहानसहान अडचणींच्या रूपाने घरात वावरत असते, आणि अडचणी कोणाला नसतात, असे म्हणून मनुष्याला आपले समाधान करून घेता येते. यादीत पहिले घराचे कर्ज आले, मग मुलीच्या लग्नासाठी पतपेढीतून काढलेले, मग क्रेडिट कार्डाची थकबाकी, मग वाण्याच्या वहीतली उधारी. एवढे शाईने लिहून झाल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो, आणि नंतर, का कोण जाणे, पेन ठेवून पेन्सिल घेतली व शेवटची ओळ लिहिली: दाजी, हातउसने, ४०,००० रुपये. मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी थोरल्या बहिणीच्या यजमानांनी विनाकागद, विनाव्याज काढून दिलेल्या त्या रकमेला तेव्हा तेरा वर्षे होऊन गेली होती.

थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरच्या गणपतीपाशी मृत्युशय्येवर होते, तेव्हा त्यांनी मागे राहणाऱ्यांसाठी जी नऊ कलमांची यादी करविली, तीत कर्जाच्या फेडीचे कलम आहे. पानिपतानंतरच्या खिळखिळ्या दौलतीचा गाडा अकरा वर्षे ओढून सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जाणाऱ्या त्या पुरुषाला राज्याच्या चिंता काय थोड्या होत्या! तरीही देणे हे कलम म्हणून कागदावर आले. माझ्या वहीची आणि त्या यादीची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. एवढेच म्हणतो की, लिहिलेल्या देण्याचे वजन मनातल्या देण्याहून निराळे असते, आणि ते वजन दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या खिशालाही जाणवू लागते.

कर्जाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे उधळपट्टीवर प्रवचन सुरू होते, आणि उधळपट्टी म्हटली की लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे उभा राहतो. ही समजूत जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तो पुणे व नगर या जिल्ह्यांत गावोगाव पसरला, आणि रयतेने सावकारांकडून खते, रोखे, दस्तऐवज हिसकावून घेऊन त्यांची होळी केली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या कमिशनपुढेही, रयत कर्जबाजारी होते ती लग्नकार्यांतल्या खर्चापायी, हे सुखवस्तू मंडळींचे ठरावीक उत्तर होतेच. कमिशनने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले जाते असा निर्वाळा दिला. लग्ने वरचेवर निघत नाहीत, आणि बऱ्याच वर्षांचा हिशेब धरला तर रयत त्यांवर आपल्या ऐपतीबाहेर खर्चते असे दिसत नाही. देणे फुगते ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुन्हा पुन्हा उचललेल्या बारीकसारीक रकमांनी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याची मुभा मिळाली.

माझ्या कार्डाच्या थकबाकीचा असाच इतिहास मी स्वतःपुरता न्यायाधीश होऊन तपासला. आरोपी म्हणून मी मुलीच्या लग्नाला उभे करणार होतो. पण लग्नाचा खर्च पतपेढीच्या खात्यावर स्वच्छ मांडलेला होता आणि ठरल्याप्रमाणे फिटतही होता. कार्डावर निघाले ते असे: रात्री स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून मागविलेली जेवणे, सवलतीत मिळाला म्हणून घेतलेला तिसरा चप्पलजोड, वीस मिनिटे चालण्याऐवजी केलेल्या रिक्षा, आणि ज्यांच्या घरी आम्ही वर्षातून एकदाही जात नाही अशांना पाठविलेल्या भेटवस्तू. यांतली एकही रक्कम अशी नव्हती की जिच्यासाठी मनुष्याने लाजेने मान खाली घालावी. रयतेने बियाण्यासाठी काढले होते आणि मी वडापावसाठी, हा फरक मात्र मला कोणी दाखवून देण्याची गरज पडली नाही.

या बारीक रकमांना जो दर लागतो त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आमच्या जुन्या व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा दंडक होता; एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. कार्डाच्या थकबाकीवर माझ्याकडून दरमहा शेकडा साडेतीन घेतले जात होते. या दराने, चक्रवाढीने, काहीही न फेडता राहिले तर एकविसाव्या महिन्यात रक्कम दुपटीच्या पुढे जाते, आणि तेथे तिला थांब म्हणणारे कोणी नसते. उलट, दरमहा येणाऱ्या पत्रकात ‘किमान देय रक्कम’ नावाचा एक आकडा असतो, तो इतका नम्र आणि सोसण्याजोगा असतो की, तेवढा भरून मनुष्य आपण देणे वेळेवर देतो अशा अभिमानात वर्षेच्या वर्षे राहू शकतो. मी सहा वर्षे राहिलो.

यादी झाल्यावर पहिला बदल झाला तो नाण्यांच्या आवाजात. मोबाईलने पैसे देण्याची सोय झाल्यापासून पैसा जातो तो दिसत नाही, हाताला लागत नाही. टपरीवरच्या फळीवरील चौकोनी चित्रासमोर फोन धरला की झाले. मी महिन्याच्या पहिल्या तारखेस रोजच्या खर्चाची रक्कम रोख काढू लागलो. घरात लग्नातून उरलेली आहेराची पाकिटे होती, तीच घेतली: भाजी-दूध, किराणा, प्रवास आणि संकीर्ण. प्रत्येक पाकिटावर रुपयाचे एक नाणे चिकटविलेले असल्यामुळे, महिनाअखेर पाकीट रिकामे झाले तरी तो रुपया शिल्लक राही आणि आम्हा उभयतांना त्याचे हसू येई. ‘परवडते का?’ हा प्रश्न आजवर मी स्वतःला हजारदा विचारला होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ असेच आले होते, कारण पंधरा रुपयांचा चहा कोणाला परवडत नाही? आता खिशातील नोटेकडे पाहून मनात निराळाच प्रश्न येऊ लागला: ही कोणाची? चहा तरीही अनेकदा घेतला. पण चहा पिताना ती नोट पतपेढीची, की वाण्याची, की आणखी कोणाची, याची जाणीव घोटाबरोबर उतरत असे, आणि दुसरा कप मागविण्याची इच्छा आपोआप कमी होत असे.

येथे एक दोषही कबूल केला पाहिजे, कारण काटकसरीच्या स्तुतीत तो सहसा सांगितला जात नाही. नव्याने काटकसर शिकलेल्या माणसाची कात्री पहिल्यांदा स्वतःच्या सुखावर न चालता, जे तोंड वर करून बोलू शकत नाहीत त्यांच्यावर चालते. मी भाजीवालीशी मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करू लागलो, इस्त्रीवाल्याचे कपडे दोनदा मोजू लागलो, आणि दिवाळी जवळ आली तेव्हा, यंदा मोलकरणीच्या बोनसाचे निम्मे करावे, अशी तजवीज मोठ्या गांभीर्याने मांडली. सौभाग्यवतीने वहीवरून नजर न काढता विचारले, “अहो, कर्ज आपण काढलं की तिनं?” त्या दिवशी बोनस पूर्ण दिला गेला आणि माझे दिवाळीचे अंक त्या वर्षी वाचनालयातून आले.

आता पेन्सिलीच्या ओळीकडे वळतो. ज्याचा दर जास्त त्याचे आधी फेडावे, हा हिशेबाचा नियम बिनचूक आहे, आणि त्या नियमाने कार्ड पहिले येते व दाजी शेवटी. तेरा वर्षे ते शेवटीच होते. हातउसने या व्यवहाराची हीच गंमत आहे की, जो धनको व्याज घेत नाही, नोटीस धाडीत नाही, फोन करीत नाही, त्याचे देणे प्रत्येक महिन्याला सर्वांत सहज पुढे ढकलता येते; म्हणजे ज्याने आपल्याशी सर्वांत सभ्यतेने वागावे, त्याच्याच सभ्यतेवर आपण सर्वांत अधिक काळ चैन करतो. यक्षाच्या प्रश्नावर युधिष्ठिराने सुखी मनुष्याचे जे लक्षण सांगितले त्यात कोणत्या पाठात दिवसाच्या आठव्या भागी, कोणत्यात पाचव्या-सहाव्या दिवशी, असा भेद आहे. पण उशिरा का होईना, आपल्याच घरी साधी भाजी शिजविणारा, प्रवासात नसलेला आणि अनृणी मनुष्य, एवढे सगळीकडे समान आहे. त्यातील भाजीचा आणि ऋणाचा संबंध मला कळला तो भाचीच्या साखरपुड्यात. मी नवा रेशमी सदरा घालून गेलो होतो, दाजींनी त्याचे कापड बोटांत धरून पाहिले आणि मनापासून म्हणाले, “छान आहे हो.” त्यांच्या मनात काही नव्हते असे मी आजही समजतो. पण पंगतीत बासुंदीची वाटी समोर आली तेव्हा ती गोड लागली नाही.

म्हणून नियम मोडून मी पाचवे पाकीट केले आणि त्यात दरमहा दोन हजार ठेवू लागलो. कार्डाची फेड त्यामुळे लांबली. गणिताने पाहता तो तोटाच होता. संकीर्णाचे पाकीट पातळ झाले, सिनेमा गेला, आणि संध्याकाळी बाजारातून घरी पायी येण्याची सवय लागली, ती अजून आहे.

यंदाच्या फाल्गुनात वीस महिने पुरे झाले आणि मी कराडला गेलो. वाटेत मनाशी चार वाक्ये जुळविली होती, पैकी एकही बोलता आले नाही. पाकीट पुढे केले. नको, राहू दे, घाई काय होती, असे काहीतरी ते म्हणतील असे मला वाटले होते. दाजींनी चष्मा लावला, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, मग उठून कपाटाच्या खालच्या खणातून एक जुनी डायरी काढली आणि जून महिन्याचे पान उघडले. तेथे माझे नाव, रक्कम आणि तारीख शाईने लिहिलेली होती. त्यांनी पट्टी ठेवून त्या ओळीवर सरळ रेघ मारली, डायरी मिटली, आणि आत हाक दिली, “अगं, चहा टाक. तुझा भाऊ आलाय.”