मंगळवार पेठेची चौकी आणि राजकीय गुन्ह्याचा चित्रपट

ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या दंडसंहितेत राजकीय खुनासाठी वेगळे कलम नव्हते. माणूस सत्तेसाठी मारला गेला असो, सूडापोटी असो वा देशासाठी, आरोप ठेवला जाई तो कलम 302 खालीच. ‘राजकीय गुन्हा’ ही संज्ञा कायद्यात ठळकपणे येते ती मुख्यतः प्रत्यार्पणाच्या, म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशाच्या हवाली आरोपी करण्याच्या संदर्भात; एरवी गुन्ह्याचे राजकीयपण ठरवतो तो समाज, आणि तेही बहुधा निकालानंतर. न्यायालय कोणी केले याचा शोध घेते आणि स्मारक कशासाठी केले ते सांगते. परंतु घटनेच्या वाटेत केवळ योगायोगाने सापडलेली माणसे, म्हणजे दार उघडणारा घरमालक, चौकीत पाळीवर असलेला शिपाई किंवा गर्दीच्या कडेला उभा असलेला बघ्या, या दोहोंच्याही नोंदीत जेमतेम एखाद्या ओळीपुरतीच येतात. खऱ्या राजकीय गुन्ह्यावरचा चित्रपट अशा माणसांना किती जागा देतो, यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून असते.

ए. एम. आर. रमेश यांनी 2006 मध्ये कन्नडमध्ये काढलेला ‘सायनाइड’ या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि तिचा सूत्रधार शिवरासन व त्याची सहकारी शुभा यांचा शोध बंगळूरजवळच्या कोणनकुंटे येथील एका घरापाशी येऊन संपला. घराला वेढा पडला, विशेष पथकाने आत शिरण्यापूर्वी बराच वेळ गेला, आणि 20 ऑगस्टच्या सकाळी आत मिळाली ती सात प्रेते. हत्येचा प्रसंग, कटाची उकल आणि पोलिसांचा पराक्रम हा सोपा मार्ग दिग्दर्शकासमोर मोकळा होता. त्याने मात्र आपला भर शेवटच्या दिवसांवर ठेवला आणि ज्या दाम्पत्याच्या आश्रयाने ही मंडळी राहिली त्यांच्या घरात कॅमेरा नेला. रवी काळे या मराठी नटाने उभा केलेला शिवरासन जितका लक्षात राहतो, तितकीच तारा यांनी साकारलेली ती भेदरलेली गृहिणीही लक्षात राहते; कारण पाहुणे कोण आहेत हे उमगल्यानंतरही त्याच स्वयंपाकघरात वावरत राहण्याची वेळ तिच्यावर येते, आणि या अवस्थेचे वर्णन करणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही.

मराठी चित्रपटाने हा विषय याआधीच हाताळला होता. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘22 जून 1897’ हा 1979 चा चित्रपट चापेकर बंधूंनी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर केलेल्या रँडच्या वधावर आधारलेला आहे, आणि त्याच्या लेखनात सहभागी असलेले शंकर नाग पुढे कन्नड चित्रपटातील एक अत्यंत आवडते नाव ठरले. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेल्या या कन्नड कलावंताने 1985 मध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट’ काढला, ज्यात पुढाऱ्याच्या मुलाने पदपथावर झोपलेल्या माणसांना चिरडल्यानंतर ते प्रकरण दडपण्यासाठी सत्ता कशी राबते हे दाखवले आहे. राजकीय गुन्ह्याचा विचार करणाऱ्या या दोन भाषांतील चित्रपटांमध्ये येणेजाणे होते, ही गोष्ट दोन्हीकडच्या इतिहासकारांनी अधिक आस्थेने नोंदवायला हवी.

तरीही एक फरक उरतोच. परक्या राजवटीतील गुन्हा दाखवताना मराठी चित्रपट खरी नावे, खरी तारीख, इतकेच काय शीर्षकातही तारीखच वापरतो. स्वतंत्र भारतातील गुन्ह्याकडे वळला की तो बहुधा कल्पिताचा आधार घेतो. सोलापुरात वाढलेल्या जब्बार पटेल यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून केलेला ‘सामना’ (1975) ही कल्पिताच्या आश्रयाने काय साधता येते याची सर्वश्रेष्ठ साक्ष आहे: साखर कारखानदारीतून उभी राहिलेली सत्ता, नाहीसा झालेला मारुती कांबळे आणि त्याच्याबद्दल विचारत राहणारा एक दारुडा मास्तर एवढ्या सामग्रीतून अख्ख्या सहकारी राजकारणाचा पंचनामा उभा राहतो, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला त्यातला कारखाना ओळखायला नावाची पाटी लागत नाही. परंतु कल्पितात एक सवलत असते, ती म्हणजे मारुती कांबळेचे नातेवाईक चित्रपटगृहाबाहेर उभे नसतात. ‘सायनाइड’ने ही सवलत नाकारली, आणि केवळ तेवढ्यासाठीही तो धाडसाचा चित्रपट मानला पाहिजे.

सोलापूरपाशी स्वतःचा असा गुन्हा आहे, आणि तो चापेकरांच्या कृतीपेक्षा कितीतरी अवघड आहे. गांधीजींच्या अटकेनंतर तापलेल्या शहरात 8 मे 1930 रोजी शिंदीची झाडे तोडण्यासाठी रूपाभवानी परिसरात लोक जमले, पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला, आणि संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटवली, तीत पोलीस मारले गेले. न्यायालयाची इमारतही जळाली. पुढचे काही दिवस शहरावर सरकारी अंमल जवळजवळ उरला नव्हता. त्यानंतर मार्शल लॉ, म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून आलेला लष्करी अंमल, पुकारला गेला आणि गांधी टोपीसुद्धा अपराधात जमा झाली. चौकीतल्या खुनांसाठी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

दामोदर चापेकरांनी आपली कृती सविस्तर सांगितली होती, त्यामुळे त्यांच्यावरच्या चित्रपटाला कर्ता आयता मिळतो. सोलापूरच्या चौघांबद्दल शहराची स्मृती दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवते: एक, की ते हुतात्मे आहेत, आणि दुसरी, की त्या खुनांत त्यांचा हात नव्हता, चळवळीची पुढारी माणसे संपवायची म्हणून सरकारने त्यांना गोवले. दोन्ही मानल्या, तर सूडकथेचा सगळा आराखडाच कोसळतो, कारण ज्यांनी आग लावली ते अनामिक राहतात आणि ज्यांना फाशी झाली ते त्या आगीच्या कथेचे नायक होऊ शकत नाहीत. या पेचातून पळ काढून चौघांच्या हाती मशाली देणारा चित्रपट टाळ्या मिळवील, पण ज्या निर्दोषत्वासाठी शहर इतकी वर्षे बोलत आले तेच तो हिरावून घेईल.

म्हणून या विषयाचा खरा नायक जमाव आहे, आणि तो जमाव एका भाषेत बोलत नव्हता. गिरण्यांच्या या शहरात मराठीबरोबर पद्मशाली विणकरांची तेलुगू, लिंगायत घरांतली कन्नड आणि मुसलमान वस्त्यांतली दखनी नांदत होती. ज्या सिद्धरामाच्या नावाने सोलापूर ओळखले जाते त्याची वचने कन्नडमध्ये आहेत, आणि त्याची गड्डा यात्रा जानेवारीच्या ज्या दिवसांत भरते त्याच दिवसांत ती फाशी झाली. मारवाडी व्यापारी, लिंगायत, मराठा आणि मुसलमान अशी चार माणसे एकाच खटल्यात उभी राहिली, याचे कौतुक व्याख्यानांतून पुष्कळ होते. पण कोणती घोषणा कोणत्या पेठेत कोणाला कळली, अफवा एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाताना काय होऊन बसली, आणि साक्षीदाराचे घरच्या बोलीतले म्हणणे इंग्रजी कागदावर उतरताना त्यातले काय गळाले, हे प्रश्न व्याख्यानात मावत नाहीत. पडद्यावर ते सहज मावतात. असा चित्रपट केवळ मराठीत बोलला तर तो सोलापूरचा होणार नाही. त्यातली काही पात्रे कन्नडमध्ये बोलली पाहिजेत आणि त्यांच्या बोलण्याखाली मराठी उपशीर्षके धावली पाहिजेत, जसे या शहरात अजूनही एकाच दुकानात दोन भाषांत हिशेब होतात.

उरतो तो चौकीच्या आतला भाग, आणि दिग्दर्शकाची परीक्षा तिथेच आहे. मारले गेलेले शिपाई गोऱ्या सरकारच्या नोकरीत होते, पण ते इथलेच गरीब पगारदार होते. त्यांच्या घरची माणसेही त्याच मार्शल लॉखाली जगली, आणि चौघांचे पुतळे उभे राहिल्यावर त्यांना आपले दुःख कोणाजवळ बोलता आले असेल असे वाटत नाही. हुतात्म्यांविषयीचा आदर तसूभरही कमी न करता कॅमेरा त्या चौकीत, आग लागण्यापूर्वीच्या तासात, नेता येतो. तिथे पाळीवर असलेल्या माणसाला बाहेरचा गलका ऐकू येतो, त्यातल्या काही आवाजांची भाषा त्याच्या घरचीच आहे, आणि दार उघडावे की अडसर लावावा हे त्याला ठरवायचे आहे.