नागराजाचे पाय जमिनीवर

राज कॉमिक्स दिल्लीची, भाषा हिंदी, पहिल्या कथेचे लेखक परशुराम शर्मा. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात अवतरलेला नागराज हा हिरव्या अंगाचा सुपरहिरो उत्तर भारतातल्या एका अख्ख्या पिढीने वाचला, त्यातला बराचसा भाड्याने आणून. त्याला शरीर दिलं ते मात्र पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण पहिले पन्नास अंक, नागराज मुख्यतः मुळीकांच्या हातून किंवा त्यांनी घालून दिलेल्या वळणाने उतरत राहिला. चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही त्या कामातली आणखी नावं. मराठी वाचकाला हे माहीत नसतं असं नाही. त्याचं फारसं काही वाटत नाही, एवढंच. मुळीकांचं नाव निघतं ते ‘अमर चित्रकथे’च्या संदर्भात, नाहीतर जलरंगांसाठी नावाजलेल्या मिलिंद मुळीकांचे वडील म्हणून. नागराज हे पोटापाण्याचं काम, असं आपण गृहीत धरून चालतो. मला हे उलट वाटतं. चित्रकार म्हणून मुळीकांचा कस नागराजातच लागला, आणि तिथे ते ज्या बळावर उभे राहिले ते बळ सुपरहिरोंच्या परंपरेकडून आलेलंच नव्हतं.

ते कुठून आलं याचा पुरावा नागराजाच्या अंकांत शोधण्याआधी ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘स्केचिंग’ या पुस्तकात शोधावा. त्यात अद्भुत काही नाही. माणसं आहेत, जनावरं आहेत, झाडं, घरं, रस्ते आहेत. बसलेल्या माणसाचा भार कुठे पडतो, कापडाला चुणी कुठे पडते आणि कुठे ते नुसतंच लोंबतं, असल्या गोष्टींचा हा रियाज. आता नागराजाची कल्पना आठवा. प्रोफेसर नागमणीने दहशत विकण्यासाठी तयार केलेलं हे जिवंत शस्त्र. रक्तात सूक्ष्म साप, फुंकारात विष, मनगटातून सुटणारे नाग. आणि त्याला नागमणीच्या ताब्यातून सोडवणारे बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल, उरलेलं निम्मं अचाट. अशी गोष्ट कागदावर उभी करताना चित्रकार सापांवरच मेहनत घेत बसला तर ती कोसळते. मुळीकांची मेहनत सापांच्या आजूबाजूला आहे. नागराज वळतो तेव्हा कंबर आणि खांदे वेगवेगळ्या दिशांना जातात, उभा असतो तेव्हा एका पायावर वजन असतं. भोवतालचे गुंड, गावकरी, साधू ही बघितलेली माणसं वाटतात. माणूस खरा वाटला की त्याच्या मनगटातून निघालेला सापही वाचक मान्य करतो.

इतिहासाच्या चित्रालाही हेच लागू. वसईचा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतला, सुरुंगांनी तट फोडून मराठे आत घुसले, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ढासळलेल्या दगडांवरून चढणाऱ्या माणसाचा गुडघा किती वाकतो, ढाल धरलेला हात कुठे जातो, हे बखर सांगत नाही. ते चित्रकाराला ठरवावं लागतं, आणि चुकलं तर सगळा पराक्रम नाटकी होतो. हे शिक्षण मुळीकांना ‘अमर चित्रकथे’त मिळालं. भा. रा. भागवतांनी लिहिलेल्या ‘शिवाजी’ची चित्रं त्यांची, ‘राम’ही त्यांचाच. नागराजापर्यंत पोचेस्तोवर या माणसाने ऐतिहासिक आणि पौराणिक नायकांची भलीमोठी फौज काढून हात तयार केला होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सुपरहिरो अमेरिकन, त्यामुळे त्याचं भारतीय चित्र म्हणजे नक्कल. साचा उसना आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सने 1964पासून ली फॉकचा फँटम इथे आणला आणि मराठीत तो ‘वेताळ’ होऊन रुळला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि कमरेचा पट्टा त्या घराण्याचा. पण नक्कल कशाची, हे तरी नेमकं सांगायला हवं. अमेरिकेत या कलेच्या दोन वाटा ठळक आहेत. जॅक कर्बीच्या चित्रात मूठ पानाबाहेर येते, शरीर हे ऊर्जेचं निमित्त होतं, शरीररचनेचे नियम तो खुशाल मोडतो. हॅल फॉस्टर टारझनमध्ये आणि 1937पासून ‘प्रिन्स व्हॅलियंट’मध्ये दुसऱ्या टोकाला उभा आहे: जंगल, किल्ला, घोडा आधी खरा, मग नायक. सुपरहिरोंचा धंदा कर्बीच्या वाटेने गेला. मुळीक सुपरहिरो काढत असूनही फॉस्टरच्या बाजूचे राहिले. याची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या पानांची मांडणी सरळ, चौकटी आज्ञाधारक. पुढे अनुपम सिन्हांनी नागराज हाती घेतला तेव्हा चौकटी तुटल्या, स्नायू फुगले, पान धावू लागलं. वेगाच्या बाबतीत सिन्हा सरस आहेत, हे मुळीकांच्या चाहत्यांनी मान्य करावं. त्या वेगात माणसाचं वजन हरवलं, हे सिन्हांच्या चाहत्यांनी.

एक प्रयोग मात्र फसला असं मला वाटतं. अमिताभ बच्चनला सुपरहिरो करणाऱ्या ‘सुप्रीमो’ची चित्रंही मुळीकांचीच होती. तिथे चेहरा आधीच पडद्यावर ठरलेला, तो सांभाळण्यातच हात बांधला गेला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘अमर चित्रकथे’तले नायक गोरे आणि असुर काळे, परके ते क्रूर, स्त्रिया एकाच साच्यातून काढलेल्या, ही टीका अभ्यासकांनी वारंवार केली आहे आणि ती बरोबर आहे. त्या मालिकेचे बिनीचे चित्रकार म्हणून मुळीकही या हिशेबातून सुटत नाहीत. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवांना जो रंग दिला तो चित्रकथेने पुढे चालवला. पण म्हणूनच नागराजाची कातडी बघण्यासारखी आहे. चित्रकथेच्या भाषेत हिरवा हा विषाचा, सरपटणाऱ्याचा, शत्रूचा रंग. तो रंग लेवून, राक्षसाची सगळी सामग्री अंगावर घेऊन हा नायक उभा राहतो, आणि ज्या हाताने राम काढला तोच हात त्याचा उमदेपणा केवळ देहाच्या ठेवणीतून पटवतो. कल्पना मुळीकांची नव्हती, प्रकाशकाची होती. ती पटवण्याचं काम चित्राचं होतं.

ही सामूहिक कामं, मग श्रेय एकाला का, असंही कोणी विचारेल. सगळ्यांना द्यावं. कर्बीला स्वतःची मूळ पानं मार्व्हलकडून मिळवायला भांडावं लागलं आणि 1987 साली त्यांतली काहीच परत मिळाली; श्रेय वाटून घ्यायला चित्रकार तयार असतात, अडवणूक भलतीकडून होते.

चित्रकाराला मान कुठे मिळतो आणि कुठे नाही, याच्या तुलनेला आमच्या पालघर जिल्ह्यात एक चांगलं उदाहरण आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे दोन त्रिकोण आणि चार रेषांत माणूस काढत. त्या माणसाला स्नायू नाहीत, चेहरा नाही, तरी तो नाचतो, जाळं टाकतो, पेरणी करतो. भास्कर कुलकर्णींसारख्या माणसाने 1970च्या दशकात वारली चित्रं शहरापर्यंत पोचवली, दालनांनी ती लावली, 2011 साली मशेंना पद्मश्री मिळाली. सगळं योग्यच झालं. म्हणजे हलत्या माणसाची रेषा ओळखण्याची नजर आपल्याकडे आहे. ती भिंतीवरच्या चित्राला मिळते, दालनातल्या चित्राला मिळते. वृत्तपत्री कागदावर छापून विकलेल्या चित्रापाशी आली की मिटते. दिवाळी अंकांच्या वाचकाला तर छापील कागदाची ही सबब शोभत नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची ओळख घरोघर झाली ती छापील मुखपृष्ठांतून, आणि त्यांना आपण चित्रकारच म्हणतो.

यंदा आवराआवरीत माळ्यावर जुन्या चित्रकथा सापडल्या, तर रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी पहिलं पान उलटून चित्रकाराचं नाव वाचा. मुळीकांचं असेल, तर तेवढी एक बाजूला काढून ठेवा.