अक्षरशत्रु कोण?

ज्याला अक्षर येत नाहीं त्याला आपण मराठींत ‘अक्षरशत्रु’ म्हणतों. शब्द मोठा चमत्कारिक आहे. अक्षराशीं वैर धरल्याचा आरोप त्यांत आधींच सिद्ध मानलेला असतो. नित्य शाळेंत जाणारें, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारें, पण पुस्तक उघडतांच अडखळणारें मूल आपण ह्याच तराजूंत घालतों, तेव्हां प्रश्न केवळ शिक्षणाचा न राहतां न्यायाचा होतो.

रावेरच्या बाजूचा, केळीच्या बागेंत वाढलेला असा एखादा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. घड केव्हां कापणीस येईल हें तो अचूक सांगेल. घरीं तो तावडी बोलतो. पुस्तकी मराठी त्याला मुळांतच थोडी परकी. त्यांत देवनागरीच्या खोडी! ‘कि’ म्हणतांना क आधीं, लिहितांना मात्र वेलांटी आधीं. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्यें डोक्यावर, ‘चक्र’मध्यें पोटांत, ‘राष्ट्र’मध्यें पायाशीं. बहुतेक मुलें हें सारें पचवितात. कांहींच्या मेंदूस मात्र चिन्ह व ध्वनि यांची सांगड घालणें जन्मतःच जड जातें. ह्यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धिमांद्य तें नव्हे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टरानें अशा एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सारें शिक्षण तोंडी असतें तर हाच शाळेंत सर्वांत हुशार ठरता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें.

अशा मुलास ध्वनि सुटा करून दाखवावा, वाळूंत बोटानें अक्षर गिरवून घ्यावें, गिरवितांना मोठ्यानें म्हणवावें, हा आजच्या तज्ज्ञांचा उपाय आहे. आमच्या जुन्या पंतोजींची धूळपाटी येथें सहज आठवते. त्यांची छडी मात्र आठवूं नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ही अडचण मान्य केली आहे, आणि परीक्षेंत वाढीव वेळ व लेखनिकही मिळतो. हा इतरांवर अन्याय नव्हे काय? इतिहासाची परीक्षा इतिहासाचीच असेल, तर आम्हांस तसें वाटत नाहीं. शुद्धलेखनाच्या गुणांविषयीं मात्र वाद संभवतो. पण सवलतीसाठीं दाखला हवा, दाखल्यासाठीं तपासणी हवी, आणि तपासणीपूर्वीं कोणास तरी शंका यावयास हवी. शहरांतील सुशिक्षित आईबापांस ती येते. बागेंत मजुरी करणाऱ्या बापास ‘पोरगा मठ्ठ आहे’ असें सांगितलें जातें, आणि सांगणारा शिकलेला असल्यामुळें तो तें खरें मानतो.